अंडरटेकरचं सुतक

1994 सालच्या जानेवारीत अंडरटेकर मेला. सांगलीत ही बातमी पोचायला जूनअखेर उजाडली, कारण न्यूजर्सीच्या शाळांना सुट्ट्या तेव्हा लागतात आणि त्याआधी माझ्या चुलतभावाला विमानात बसता येत नव्हतं. तो सोप्यात बूट काढत होता तेवढ्यात मी विचारलं, "अंडरटेकर कसा आहे?" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "ही इज डेड."

आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण 'डेड' येत होतं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण गेलं रे? तुमच्याकडचं का?" चुलतभाऊ म्हणाला, "येस." "कधी?" "जानेवारीत." "आणि आत्ता सांगताय?" आजीने मनातल्या मनात न्यूजर्सीतल्या सगळ्या नातेवाइकांची हजेरी घेतली, पण या नावाचं कुणी सापडेना. तरी खबरदारी म्हणून तिने विचारलंच, "आंघोळ करायची का?"

अंडरटेकर हा अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्त्यांतला पैलवान, आणि सांगलीत तेव्हा केबल आली नव्हती असं नाही. आमच्या गल्लीत ती दोन घरांत होती आणि त्या घरांतली पोरं आठवडाभराच्या कुस्त्यांची बित्तंबातमी ठेवून असायची. पण त्या पोरांशी आमचं क्रिकेटवरून वाकडं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. शिवाय खऱ्या मोठ्या कुस्त्या आठवड्याच्या कार्यक्रमात होतच नसत. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन ही कंपनी त्या राखून ठेवी आणि रॉयल रम्बल, रेसलमेनिया, समरस्लॅम, सर्व्हायव्हर सीरीज अशा मोजक्या जत्रांत लावी. या जत्रा अमेरिकेत पे-पर-व्ह्यूवर दिसत, म्हणजे केबलचं बिल भरूनही त्या एका रात्रीचे वेगळे पैसे मोजायचे. ते मोजणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. चुलतभावाचे वडील, म्हणजे माझे धाकटे काका, तर मुळीच नव्हते.

काकांचं गणित सोपं होतं. एका कार्यक्रमाचे तीस डॉलरच्या आसपास. डॉलर तेव्हा एकतीस रुपयांच्या घरात. म्हणजे नऊशे रुपये. अमेरिकेत जाऊन किती का वर्षं होईनात, काका प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून पाहत आणि मग ती घेत नसत. "नऊशे रुपये देऊन तीन तास मारामारी बघायची?" ते म्हणत. "सांगलीच्या एसटी स्टँडवर फुकट दिसते."

मग चुलतभावाने काय करावं? तिकडे पे-पर-व्ह्यूचं चॅनल पैसे न भरणाऱ्यालाही लागायचं, पण चिरफाळलेलं. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा, मधूनच एखादी मांडी, एखादा दंड, दोरखंडाचा तुकडा. आवाज मात्र कितीतरी वेळा स्वच्छ. तर हा मुलगा अंधारात बसून रेघांकडे पाहत संपूर्ण रॉयल रम्बल ऐकायचा. अमेरिकेसारख्या प्रगत देशात राहून तो कुस्त्या रेडिओवरच ऐकत होता म्हणायचं.

अंडरटेकरच्या मरणाची हकीकत त्याने अशी ऐकीव माहितीवरच सांगितली. प्रॉव्हिडन्स नावाच्या गावी शवपेटीची कुस्ती लागली. समोरच्याला पेटीत घालून झाकण लावायचं, लावलं की जिंकला. समोर योकोझुना, पाचशे पौंडांच्या वरचा. अंडरटेकर काही केल्या पेटीत जाईना, तेव्हा एकेक करत बरेच पैलवान योकोझुनाच्या मदतीला आले. सगळ्यांनी मिळून त्याला आत कोंबलं. मग अंडरटेकरच्या मॅनेजरकडच्या अस्थिकलशातून हिरवा धूर निघाला, पेटीतून मेलेला अंडरटेकर मोठ्या पडद्यावर बोलला, आणि शेवटी तो स्वतः हळूहळू तरंगत छताकडे निघून गेला.

आबा, म्हणजे आमचे आजोबा, पलीकडे अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी तरुणपणी जत्रांत कुस्त्या खेळल्या होत्या, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून पाचशे रुपये इनामापर्यंत. त्यांनी एकच विचारलं, "एवढे जण एकावर?"

"हो."

"आन् पंच काय करत हुता?"

"बघत होता."

"मग ह्येला कुस्ती म्हणत न्हाईत. ह्येला साखर कारखान्याची निवडणूक म्हणत्यात."

चुलतभावाने त्या खेपेला एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. त्याच्या वर्गातल्या एका सधन मुलाच्या घरी तीस डॉलर भरून रम्बल पाहिला गेला होता आणि त्यांनी तो टेप करून ठेवला होता. चुलतभावाने स्वतःही तो अजून पाहिला नव्हता. काकांना कळू नये म्हणून ही कॅसेट त्याने बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये दडवून आणली. (बरण्या दरवर्षी रिकाम्या येत आणि भरून जात.) व्हीसीआर होता शेजारच्या बँकेतल्या काकांकडे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत गल्लीतली पोरं, आबा, आजी, बँकेतल्या काकू आणि कुणाचा कोण ते न कळलेला एक इन्शुरन्सवाला, अशी सभा भरली.

कॅसेट आत गेली. चित्र आलं ते काळंपांढरं, आणि आल्याबरोबर खालून वर सरकू लागलं.

अमेरिकेतली कॅसेट एका पद्धतीची आणि आपल्याकडचे व्हीसीआर नि टीव्ही दुसऱ्या पद्धतीचे, हे शास्त्र तेव्हा खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बँकेतल्या काकांनी टीव्हीच्या मागे हात घालून व्ही-होल्डचं बटण पिळायला सुरुवात केली. पिळलं की चित्र क्षणभर थांबे, हात सोडला की पुन्हा वर चढू लागे. काकांनी अख्खा रॉयल रम्बल टीव्हीमागे हात घालून उभ्याने काढला. त्यांना स्वतःला त्यातलं काही दिसलं नाही. ते अधूनमधून विचारत, "कोण पडलं?"

योकोझुनाने कुस्तीआधी मूठभर मीठ रिंगणात फेकलं ते मात्र सगळ्यांना दिसलं. आजीला तो माणूस तिथेच आवडला. "दृष्ट काढतोय बघा," ती काकूंना म्हणाली. "घरचं वळण चांगलं आहे." तो जपानचा सुमो पैलवान म्हणून मिरवला जाई, प्रत्यक्षात होता सामोअन वंशाच्या कुस्तीगीर घराण्यातला आणि जन्मलेला सॅन फ्रान्सिस्कोत. पण आजीच्या हिशेबात दृष्ट ती दृष्ट.

मग तो क्षण आला. कलशातून धूर निघाला. (हिरवा होता हे आम्ही ऐकून होतो म्हणून हिरवा दिसला.) अंडरटेकर वर जाऊ लागला. पण अडचण अशी की गेल्या तासाभरात योकोझुना, पंच, प्रेक्षक, खुर्च्या आणि शवपेटीसुद्धा वरच चालली होती. खोलीत एकदम गलका झाला. "गेला! गेला!" "कोण गेला? सगळेच चाललेत." "काका, बटण सोडू नका!" काकांनी जिवाच्या आकांताने बटण पिळलं. चित्र थांबलं आणि त्याबरोबर अंडरटेकरही हवेत थांबला. मग काकांचा हात घसरला आणि तो उलट दिशेने खाली आला. या एका घसरणीवरून आमच्या गल्लीत पुढे बरीच वर्षं दोन पक्ष होते. एक म्हणे तो स्वर्गात गेला, दुसरा म्हणे नाही, परत आला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतरची तीस जणांची रम्बल आबांनी शेवटपर्यंत पाहिली, त्याचं कारण निव्वळ शास्त्रीय होतं. ठरावीक वेळाने एकेक गडी आत येतो, दोरावरून बाहेर फेकला गेला की बाद, उरेल तो विजयी. त्या वर्षी शेवटी उरलेले दोघे, ब्रेट हार्ट आणि लेक्स लुगर, एकमेकांना धरून एकदमच बाहेर पडले आणि दोघांनाही विजयी घोषित केलं गेलं.

"तीस जण लढवले आन् बरोबरीत सोडवली?" आबा म्हणाले. "आमच्याकडं लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या."

"तिथे पैलवानच फेकतात," चुलतभावाने सांगितलं.

त्या वर्षभर आम्ही अंडरटेकरचं सुतक पाळलं. अमेरिकेत तो 29 ऑगस्टच्या समरस्लॅमला जिवंत होऊन परतलासुद्धा, म्हणजे तिकडे तो सात महिने मेलेला होता. आमच्या गल्लीत तो याच्या दुप्पट काळ मेलेला राहिला, कारण त्या समरस्लॅमची कॅसेट आमच्यापर्यंत यायला पुढल्या वर्षीचे गणपती लागले. केबलवाल्या घरांतली पोरं सांगत होती की तो आला आहे, आम्ही पाहिला. आम्ही त्यांना म्हणायचो, तो दुसरा. आणि गंमत अशी की त्यात तथ्य होतं, पण ते पुढे येईल.

मधल्या काळात आमचा उदरनिर्वाह ट्रंप कार्डांवर चालला. ज्यांनी ती खेळली नाहीत त्यांना सांगतो: कॅटमधल्या प्रत्येक कार्डावर एकेका पैलवानाचा फोटो आणि खाली त्याची उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला असे आकडे. आपण एक आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याने दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. योकोझुना हातात आला की डोळे मिटून 'वजन' म्हणायचं. पाढे न येणाऱ्या मुलांनाही हे आकडे मुखोद्गत होते. पौंडाचे किलो आणि इंचाचे सेंटिमीटर करायला आम्ही यातूनच शिकलो, शाळेने त्याचं श्रेय उगाच घेऊ नये. भूगोलही यातच आला. अंडरटेकरचं गाव 'डेथ व्हॅली' असं सांगितलं जाई. ॲटलासमध्ये कॅलिफोर्नियात ते खरोखर सापडलं तेव्हा आमचा त्या माणसावरचा विश्वास दुणावला. अल्टिमेट वॉरियरचं गाव 'पार्ट्स अननोन' असल्याचं निवेदक पुकारायचा. ते आम्ही सगळ्या खंडांत शोधलं, नाही मिळालं. तेव्हा ते रशियाचे तुकडे पडले त्यातलं एखादं असणार असं ठरलं, कारण ॲटलास जुना होता.

न्यूजर्सीहून पत्रं येत. 1995 च्या मे महिन्यात कंपनीने 'इन युवर हाऊस' नावाची नवी, छोटी पे-पर-व्ह्यू जत्रा काढली. तिचा भाव 14.95 डॉलर, म्हणजे नेहमीच्या निम्मा. आणि पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी एका भाग्यवान प्रेक्षकाला बक्षीस म्हणून चक्क घर दिलं, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत, राहतं घर. ते मिळालं एका अकरा वर्षांच्या मुलाला. चुलतभावाने पत्रात हे लिहिलं आणि खाली एक ओळ घातली की बाबांनी याही वेळेस नाही म्हटलं. त्या ओळीतली धग मला आजही जाणवते. पंधरा डॉलर वाचवण्याच्या नादात आपण एका घराला मुकलो असं तो पुढे कित्येक वर्षं काकांना ऐकवत असे.

मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला त्यांना जायचं होतं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारतातल्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "तिकडं कुस्ती बघणाऱ्याला घर देत्यात," आबा म्हणाले, "आन् हिकडं कुस्ती खेळणाऱ्यासाठी घर गहाण टाकाय लागतं. लिही त्येला." मी लिहिलं नाही, कारण हवाई पत्रात जागा उरली नव्हती.

1995 च्या गणपतीत आमच्या तरुण मंडळाने रस्त्यावर टीव्ही आणि व्हीसीआर लावायचं ठरवलं. एका रात्री 'माहेरची साडी', एका रात्री पौराणिक काहीतरी, आणि एक रात्र मुलांनी वर्गणी गोळा करायला जिवाचं रान केलं म्हणून मुलांच्या पसंतीची. आम्ही समरस्लॅम 1994 मागितला. व्हिडिओ लायब्ररीतून या वेळी आपल्याकडच्या पद्धतीची कॅसेट आली, रंगीत आणि एका जागी उभी राहणारी. रंगांचं म्हणाल तर मंडळाच्या टीव्हीत सगळंच थोडं जांभळं दिसे, पण मंडळाच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. आरती आटोपून गल्लीतल्या बायका पुढच्या सतरंज्यांवर बसल्या. कुस्ती आहे म्हटल्यावर कुणी उठेल असं आम्हाला वाटलं होतं. कुणी उठलं नाही.

याचं कारण ब्रेट आणि ओवेन हार्ट. सख्खे भाऊ, कॅनडातल्या कॅल्गरीचे. धाकट्याला वाटतं थोरल्याने मला कायम मागे ठेवलं, सगळं कौतुक त्याचंच. रेसलमेनियात धाकट्याने थोरल्याला हरवलेलं, आता दोघांना लोखंडी पिंजऱ्यात घातलेलं, आणि म्हातारे आईवडील समोर पहिल्या रांगेत बसून बघतायत. सांगली जिल्ह्यातल्या बायकांना यात समजावून सांगण्यासारखं काहीही नव्हतं. भाऊबंदकी होती. "वाटणी झाली नसेल नीट," बँकेतल्या काकू म्हणाल्या. "धाकट्याला कायम असंच वाटतं," आमची आई म्हणाली आणि माझ्या धाकट्या काकांच्या दिशेने, म्हणजे अंदाजे न्यूजर्सीच्या दिशेने, एक कटाक्ष टाकला. समरस्लॅमला त्या रात्री जो न्याय मिळाला तो 'माहेरची साडी'लाही मिळाला नाही.

आबांना ब्रेट हार्ट मान्य होता. त्याचे डाव अंगासरशी येतात, उगाच उड्या मारत नाही, असं त्यांचं मत. त्याच्या वडिलांनी घराच्या तळघरात आखाडा केला होता आणि तिथे पोरांना रगडून घेतलं, हे चुलतभावाकडून कळल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे तालमीतला हाय. वस्ताद भेटलाय त्याला." आक्षेप एकच होता. पिंजऱ्याच्या कुस्तीत जो आधी पिंजऱ्याबाहेर निघेल तो जिंकतो. अर्धा तास उलटल्यावर ब्रेट बाहेर आला, त्याचा हात वर केला गेला, आणि आबांनी कपाळाला हात लावला. "पळून गेला त्यो जिंकला? खासबागेत असं कराय लागले तर शाहू महाराज परत येतील."

शेवटची कुस्ती अंडरटेकरविरुद्ध अंडरटेकर. मेलेल्या अंडरटेकरच्या गैरहजेरीत एका लबाड धनिकाने दुसरा एक अंडरटेकर उभा केला होता, तोच केबलवाल्या पोरांनी पाहिलेला. आता खरा परत येणार होता. खोटा आला. घंटेचा ठणका पडला. रिंगणातले दिवे गेले. आणि नेमके त्याच क्षणी आमच्या गल्लीतले दिवेही गेले.

पूर्ण काळोख. समईसुद्धा वाऱ्याने विझली. सतरंजीवर कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. अंडरटेकर येताना सावकाश येतो, तशी त्याची पद्धतच आहे, हे एव्हाना बायकांनाही माहीत झालं होतं. एक लहान मूल रडायला लागलं त्याला आईने दटावलं, "गप, येतोय तो." बराच वेळ गेला. मग मंडळाचे अध्यक्ष टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "बोर्डात फोन केलाय." तरी चार-दोन लोकांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

दिवे आले तेव्हा रिंगणात दोघे समोरासमोर उभे होते. तोच काळा कोट, तीच हॅट, तेच लांब केस. खऱ्याचे हातमोजे जांभळे आणि खोट्याचे करडे, अशी खूण आम्ही पाठ करून आलो होतो, पण मंडळाच्या टीव्हीत चारही मोजे जांभळे. कुणाच्या नावाने ओरडायचं कळेना. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं, कारण पैलवान ओळखणं हा त्यांचा प्रांत.

आबा पुढे झाले, टीव्हीजवळ उकिडवे बसले. दोघांनी हॅटी काढल्या होत्या. आबांनी दोघांच्या डोक्याकडे बारकाईने पाहिलं. तालमीत घासून घासून पैलवानाचे कान मोडतात, चपटे होतात, हे आमच्या भागात लहान मुलांनाही माहीत असतं. मग ते उठले आणि त्यांनी निकाल दिला.

"दोघांचंबी कान शाबूत हाईत. दोघंबी खोटे."

केबलवाली पोरं हसली. त्यांना हसायला काय झालं, त्या सप्टेंबरच्या 21 तारखेला देशभर गणपती दूध प्यायला आणि हीच पोरं वाटीचमचा घेऊन रांगेत पुढे होती. मी हे कुणाची श्रद्धा दुखवायला सांगत नाही. इतकंच म्हणतो की त्या महिन्यात 'तुमचं ते खोटं असतं' हे वाक्य आम्हाला ऐकवायचा अधिकार फारच थोड्या लोकांकडे शिल्लक होता.

पुढच्या वर्षी 'खिलाडियों का खिलाडी' आला. त्यात अक्षय कुमार अंडरटेकरशी लढतो आणि त्याला हरवतो. गल्लीत खळबळ. सात जन्म असलेल्या माणसाला (सात हा आकडा कुठून आला विचारू नका, तो सगळ्या हिंदुस्थानच्या पोरांना एकाच वेळी माहीत झाला) आपल्या माणसाने लोळवलं म्हणून एक पक्ष फटाके वाजवायच्या बेतात होता. दुसरा म्हणे तो खरा नव्हेच. कितीतरी वर्षांनी इंटरनेट आल्यावर उलगडा झाला. सिनेमातला अंडरटेकर होता ब्रायन ली, म्हणजे समरस्लॅममध्ये खोटा अंडरटेकर झालेला तोच माणूस. तिकडचा नकली आपल्याकडे येऊन अस्सल म्हणून खपला, आणि नकली म्हणून पाहिलं तर तो पूर्ण अस्सल होता. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "कान."

खोटं आहे, खोटं आहे, हे आम्हाला शिक्षकांनी, मामांनी, रिक्षावाल्यांनी सांगितलं. त्यांच्याशी आम्ही भांडलो, मधल्या सुट्टीत शर्ट फाडून घेतले. आणि ज्या कंपनीसाठी हे सगळं केलं तिने 1989 सालीच न्यूजर्सीच्या सिनेटपुढे अधिकृतपणे सांगून टाकलं होतं की बाबांनो, हा खेळ नाही, ही करमणूक आहे. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम लागतात, डॉक्टर लागतात, कर लागतो. करमणूक म्हटलं की सुटका. म्हणजे आमचं भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधी आमच्या पक्षकाराने कबुलीजबाब दिला होता, तोही माझ्याच चुलतभावाच्या राज्यात, आणि काकांनी ते पत्रातून कळवलं नाही. पुढे याच कंपनीला पांडाचं चिन्ह असलेल्या निसर्गरक्षण संस्थेने आद्याक्षरांवरून कोर्टात खेचलं आणि 2002 मध्ये त्यांना नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई व्हावं लागलं. माझ्या मते कंपनीच्या इतिहासात निकाली म्हणावी अशी हीच एक कुस्ती, आणि ती पांडाने मारली.

पण त्यातल्या त्यात सगळ्यात पक्का श्रद्धावान आमच्याच घरात होता. आबा दारासिंगचे भक्त. मुंबईला वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जाऊन त्यांनी फ्री स्टाईल कुस्त्या पाहिल्या होत्या. किंगकाँग नावाचा तो अवाढव्य युरोपियन, दारासिंगने त्याला कसा उचलला, कसा दोराबाहेर भिरकावला, हे सांगताना ते उठून उभे राहत. 1968 साली दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ते तर घरचं कार्य असल्यासारखं सांगत.

एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, किंगकाँगचे कान मोडलेले होते?"

आबांनी अडकित्ता थांबवला.

"त्ये येगळं हुतं."

"कसं वेगळं?"

"त्येचं तिकीट काढलं हुतं म्या."

पे-पर-व्ह्यू या धंद्याचं याहून नेमकं विश्लेषण मी अजून कुठे वाचलेलं नाही. तीस डॉलर मोजलेल्या माणसाला ती रात्र खोटी वाटणं परवडतच नाही. 2018 साली डब्ल्यूडब्ल्यूईने दारासिंगना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. म्हणजे कंपनीच्या मते तरी त्यात वेगळं काही नव्हतं. पण आबांना ते सांगायला मी गेलो असतो असं समजू नका. त्यांनी तिकीट काढलं होतं.

अंडरटेकर 22 नोव्हेंबर 2020 रोजी सर्व्हायव्हर सीरीजमध्ये निवृत्त झाला, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं पुरी करून. न्यूजर्सीहून फोन आला. चुलतभाऊ आता तिकडे चांगल्या पगारावर आहे आणि आवडतं ते सगळं पैसे भरून पाहतो, अजिबात रेघा येत नाहीत. पण मजा येत नाही म्हणाला. मी त्याला व्ही-होल्ड सुचवलं, तर आताच्या टीव्हीला ते बटणच नसतं.

जाता जाता एक विनंती. 1995 च्या गणपतीत, दिवे गेले त्या काळोखात, माझ्या कॅटमधलं योकोझुनाचं कार्ड सतरंजीवरून गेलं. कुणावर आळ घेत नाही. पण ते ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावं, बदल्यात हवी ती तीन कार्डं घेऊन जावीत. वजनाला माझ्याकडे दुसरं काहीच नाही.